मंजूर शिव्या

माझ्या माहेरच्या बायका वर्षातून एक दिवस नदीकाठी उभ्या राहून पलीकडच्या गावाला शिव्या देतात आणि पलीकडच्या बायका आम्हाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मला पुढं बरंच बोलायचंय.

आमचं गाव दोंडाईच्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. शेजारी नदी, म्हणजे उन्हाळ्यात नुसती वाळू आणि मधून एक ओहोळ, आणि पलीकडं दुसरं गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आणि महिनाभर पुजलेली गौराई दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवायला नेतात. गौराई पाण्यात गेली की दोन्ही काठांवरच्या बायका पदर खोचतात आणि बार सुरू होतो. बार म्हणजे शिव्यांचा सामना. एका काठानं दोन ओळी फेकायच्या, दुसऱ्या काठानं लगेच उत्तर द्यायचं. उत्तर सुचलं नाही तर हार, आणि समोरचा काठ अशी हुर्यो उडवतो की वर्षभर कानातून जात नाही. माझ्या लहानपणी दगडही चालायचे. ते बायकांनीच बंद केले, कुणाच्या नोटिशीनं नव्हे.

शिव्या म्हणजे कशा, तर ही एक आमच्या काठाची जुनी:

सरपंच मिशीले तेल लावस,
बायकोनी डोया वटारात का कोठीमांगे मावस.

म्हणजे सरपंच मिशीला तेल लावून हिंडतो, आणि बायकोनं डोळे वटारले की धान्याच्या कोठीमागं मावतो. ही अगदी बाळबोध झाली. खऱ्या तिखट असतात त्या इथं लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही, तर त्या वाळूत उभं राहून ऐकायच्या असतात म्हणून.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या पलीकडच्याच गावात दिलेली. सासर नदीच्या त्या काठाला, माहेर या काठाला. त्यामुळं वर्षाचे बाकीचे दिवस डोक्यावर पदर घेऊन वावरणारी अक्का बारच्या दिवशी आमच्या काठावर उभी राहून स्वतःच्या सासरच्या गावाचा उद्धार करायची. आता ती सत्तरीपुढं गेलीय, गुडघे बोलतात, पण बारला आमच्या काठावर पहिला आवाज तिचाच.

बारला नियम एकच. नदीवर जे बोललं गेलं त्याचा घरी गेल्यावर जाब विचारायचा नाही. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, सरपंचानंही नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडल्याचं मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. असे किती कायदे आपल्या देशात आहेत, सांगा बरं!

अक्काला दोन मुलींवर तिसरी मुलगी झाली. तेव्हा मी कॉलेजात होते. दोन बाळंतपणं आम्ही माहेरी केली होती, हे तिसरं सासरी झालं. घरात दोन म्हशी, पण सासूनं बाळंतिणीचं दूध-तूप बंद केलं. कोरडी भाकरी आणि वर मिरची. अक्का कुणाला काही बोलली नाही. आम्ही भेटायला जायचो तेव्हा सासू आमच्यासमोर ताटात तूप वाढायची. आखाजीला अक्का तीन महिन्यांचं लेकरू घेऊन माहेरी आली, तेव्हा तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आईनं विचारलं, वडिलांनी विचारलं, ती काही नाही म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी नदीवर, लेकरू माझ्या हातात देऊन, ती पुढं झाली आणि तिनं आवाज लावला:

तिसरी आंडेर व्हयनी तं कोरडी भाकर दिधी,
मन्हा वाटानी साय मांजरनी खादी का सासूनी खादी?

तिसरी मुलगी झाली म्हणून कोरडी भाकरी दिली, मग माझ्या वाटची साय मांजरीनं खाल्ली की सासूनं? समोरच्या काठावर तिची सासू उभी होती.  मग समोरच्याच काठावरची एक म्हातारी फसकन हसली, आणि मग सगळा काठ हसायला लागला, सासूकडं बघून. मी लेकरू छातीशी घट्ट धरलं. मला वाटलं, झालं, आता हिला हे लोक घरात घेत नाहीत. पण चार दिवसांनी अक्का सासरी गेली तेव्हा तिच्यापुढं दुधाची वाटी आली. वर दोन बोटं साय होती, असं ती अजून सांगते. घरात कुणी एक शब्द काढला नाही. काढता येतच नव्हता.

आता माझं सांगते. मी जळगावला एका सरकारी ऑफिसात नोकरी केली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर मसुदे तपासले. साहेबांचा राग मी ‘नापसंती’ केला, लोकांचं रडगाणं ‘निवेदन’ केलं, आणि शिवीगाळीचं ‘अनुचित शब्दप्रयोग’ करण्यात तर माझा हात कुणी धरत नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

गेली काही वर्षं आखाजीच्या आधी दोन्ही गावांना नोटीस यायला लागली. सुव्यवस्थेला बाधा, जमाव, वगैरे. कुणीतरी मोबाइलवर बारचं चित्रण करून ते सगळीकडं पाठवलं होतं, त्यावर बाहेरच्या लोकांनी छी-थू केली, आणि आमच्याच गावातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना अचानक अब्रू आठवली. त्याच सुमारास मला कळलं की जिल्ह्यातल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाची यादी तयार होतेय. अमूर्त म्हणजे ज्याला दगड-विटा नाहीत, जे माणसांच्या तोंडात, हातात, पायांत असतं ते. मी म्हटलं, हे बेस झालं! एकदा बार यादीत गेला की पोलीस काय करतील? सरकारनंच वारसा म्हटल्यावर सरकारच कसं अडवणार? मी अर्ज आणला आणि माझ्या सुंदर अक्षरात भरायला बसले.

अर्जात रकाने होते. मूळ कर्त्याचं नाव. कोणत्या एका समाजाची परंपरा. नोंदणीकृत संस्था. आणि शेवटी, संपूर्ण शब्दसंहिता जोडावी. मूळ कर्ता मी अज्ञात लिहिला. समाजाच्या रकान्यात अडखळले. गौराई शेतकरी घरांमधली, पण बार काही फक्त त्यांचा नाही. बुद्धविहाराकडच्या बायका गौराईला हात जोडत नाहीत, पण बारला पहिल्या रांगेत असतात, आणि त्यांच्या जिभेपुढं आमच्या काठाचा निभाव लागतो तो त्या आमच्या काठावर आहेत म्हणूनच. रकान्यात जागा एकाच नावाची. मी ‘ग्रामस्थ महिला’ लिहून मोकळी झाले. मग शब्दसंहिता. तिथं माझ्यातली हेडक्लार्क जागी झाली.

मी साफसूफ केली. अहिराणीची प्रमाण मराठी केली, म्हणजे साहेबांना कळावं. सरपंचाची मिशी काढली, कारण हल्ली सरपंच बाई आहे आणि उगाच गैरसमज नको. तिखट होत्या त्या सगळ्या गाळल्या. आणि अक्काच्या त्या ओळीचं मी काय केलं, ते लिहिताना आज माझा हात जड होतो. मी लिहिलं, ‘तिसरी कन्या जन्मा आली, घरी लक्ष्मी चालत आली.’ मला ते छान वाटलं होतं. बेटी बचावचा संदेशही जातो, असं मी मनाशी म्हटलं होतं. खाली सही केली. अर्जदार मी.

अर्ज मंजूर झाला. मी जळगावच्या घरी पेढे वाटले! आणि पुढच्या आखाजीच्या तोंडावर गावाला पत्र आलं. बारला यादीत स्थान मिळालं आहे, अभिनंदन. सदर परंपरा शाळेच्या पटांगणात मंडपात, सकाळी दहा ते अकरा या वेळेत, मंजूर शब्दसंहितेनुसार सादर करावी. संहितेबाहेरचा मजकूर, तसेच नदीपात्रात जमाव, यांस परवानगी नाही. उल्लंघन झाल्यास नोंद रद्द होऊन अर्जदारावर कारवाई केली जाईल. सोबत जोडपत्र होतं, माझ्याच शुद्धलेखनातलं. आधी पोलिसांकडं फक्त एक मोघम नोटीस होती. आता त्यांच्या हातात मी एक-एक ओळ दिली होती की ही चालेल, बाकी नाही. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही आखीवरेखीव.

ते जोडपत्र अक्काला वाचून दाखवलं ते तिच्या तिसऱ्या मुलीनं, माझ्या भाचीनं. तीच ती, माझ्या हातातलं लेकरू. आता शिंदखेड्याकडं नर्स आहे आणि तिचं तोंड आईपेक्षा वरचढ आहे. आखाजीच्या आदल्या आठवड्यात मी गावी गेले होते तेव्हा ती आईला भेटायला माहेरी आलेली. अक्काच्या ओट्यावर आम्ही तिघी बसलो होतो. ती वाचत वाचत ‘घरी लक्ष्मी चालत आली’पाशी आली आणि थांबली.

“मावशी, हे कोणी लिहिलं?”

मी म्हटलं, “मी.”

“लक्ष्मी चालत आली? माझ्या आईला तीन महिने कोरडी भाकर घातली, आणि तू लिहितेस लक्ष्मी चालत आली?”

मी तिला समजावायला गेले. म्हटलं, अगं, सरकारी कागदावर सासूला नावं ठेवून कसं चालेल, आक्षेप आला असता. ती म्हणाली, “यायचा होता तर येऊ द्यायचा! तू आधीच कशाला माघार घेतलीस?” अक्का शेंगा सोलत होती.  मान वर न करता ती एवढंच म्हणाली, “वाची दाखाले पाहिजे व्हतं, माय.” सही करायच्या आधी वाचून दाखवायला हवं होतं. बस. ते मला भाचीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी उठून आत गेले आणि न्हाणीत तोंड धुण्याचं नाटक केलं.

पण मी काही रडत बसणारी बाई नाही. त्या यादीच्या नियमावलीवर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि धुळ्याला सुनावणी होती. मी पुन्हा कागद घेतला. या वेळी अक्कासमोर बसून, एक-एक वाक्य तिला अहिराणीत सांगून, तिनं मान हलवली तरच पुढं. तिनं तीन वाक्यं खोडायला लावली. भाचीनं सहा वाढवली.

सुनावणीला अक्का माझ्याबरोबर आली. अधिकारी तरुण होते, सालस होते, त्यांनी अक्काला स्वतः उठून खुर्ची दिली. मी वाचायला सुरुवात केली. म्हटलं, साहेब, वारसा म्हणजे या ओळी नव्हेत. ओळी दरवर्षी नव्या होतात, जुन्या मरतात, त्यांचं आम्हाला काही वाटत नाही. वारसा आहे तो दरवर्षी नवीन ओळ फेकण्याचा बाईचा हक्क, आणि त्याबद्दल घरी जाब न विचारण्याचा दोन गावांनी पाळलेला नियम. तो तुमच्या अर्जात कुठल्याच रकान्यात मावत नाही. तेव्हा रकाना बदला, आम्हाला बदलू नका. एकाच समाजाचं नाव मागू नका, काठावर उभी राहील ती वारसदार. ज्यांचं आहे त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय कुणा शहाण्याची सही घेऊ नका, माझी तर मुळीच नको. आणि दिलेली नोंद बदलायची किंवा परत घ्यायची मुभा द्या. जी नोंद परत घेता येत नाही तिला आम्ही संरक्षण म्हणत नाही, अटक म्हणतो.

शेवटचं वाक्य भाचीचं होतं. वाचताना माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कनं मान वर करून पाहिलं. मी पण क्लार्कच होते बाबा, बघ, बघ!

साहेबांनी माझा जुना अर्ज उघडला. “पण बाई, संहिता तुम्हीच दिलीय. सही तुमचीच आहे. आणि मंजूर नोंदीत बदल करायची सध्या तरतूद नाही.”

“म्हणून तर तरतूद करा म्हणतेय.”

“तुमचा मुद्दा मी वर पाठवतो. या वर्षी मात्र अटी कायम राहतील.” मग ते अक्काकडं वळून समजुतीनं म्हणाले, “आजी, मला कळतं तुमचं. पण शासनानं शिव्यांचं जतन कसं करायचं, सांगा बरं?”

अक्का म्हणाली, “भाऊ, तुले कोन सांगं जतन कर म्हनीसन? तू फक्त मधमा उभा ऱ्हाऊ नको.”

तुला कुणी सांगितलं जतन कर म्हणून? तू फक्त मधे उभा राहू नकोस. साहेब हसले, मनापासून हसले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं नाही. परतीच्या एसटीत मी अक्काला म्हटलं की या वर्षी मंडपात जाऊ, मुकाट्यानं त्या मंजूर पानभर ओळी म्हणू, पुढच्या वर्षी बघू. नोंद रद्द झाली तर पुढं कायमची बंदी यायची. अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली की तिला पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. आणि मग म्हणाली, एकदा बायका मंडपात गेल्या की त्या परत नदीवर येत नाहीत. ते मला पटलं. न पटून सांगते कुणाला?

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप सजला होता. सतरंज्या, माइक, दोन्ही गावांच्या पुढाऱ्यांसाठी खुर्च्या. पावणेदहाला गौराई निघाली. मंडपासमोरून जाताना अक्कानं मान वळवली नाही. तिच्यामागं कुणीच वळवली नाही. आमच्या गल्लीतल्या, बुद्धविहाराकडच्या, भिल्लवस्तीतल्या, सगळ्या सरळ नदीकडं. माइकवरचा माणूस “माताभगिनींनी मंडपात स्थानापन्न व्हावं” म्हणत राहिला, आणि खुर्च्यांवर पुढारी एकमेकांकडं बघत राहिले. मला आतून धाकधूक होती, कारवाई माझ्या नावानं होणार होती. पण पाय मात्र थांबायला तयार नव्हते.

नदीवर दोन महिला पोलीस होत्या. एक जरा लांब फोनवर बोलत होती. दुसरी आमच्या काठावर, जोडपत्र हातात घेऊन. जामनेरकडची होती, तिनंच सांगितलं. “बाई, मला हाकलायला सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “कागदाबाहेरचं काय म्हणतात तेवढं टिपून द्यायचंय.” तिनं पेनचं टोपण काढलं. समोरच्या काठावर पलीकडच्या लेकीसुना गोळा झालेल्या, आणि सगळ्यांत पुढं भाची. बरोबरच आहे, तिचं माहेर ते. आई या काठाला, लेक त्या काठाला.

गौराई पाण्यात गेली. अक्कानं सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत पलीकडच्या ग्रामपंचायतीच्या नळाची अब्रू काढली. पोलीस बाई कागदावर बोट फिरवून शोधायला लागली. तिकडून उत्तर आलं, आमच्या गावच्या रस्त्याच्या खड्ड्यांवर, आणि खड्ड्यांत कोण-कोण तोल जाऊन पडतो त्याच्यावर. इकडून गेलं, तिकडून आलं. चार-पाच ओळींनंतर पोलीस बाईनं शोधायचं सोडून दिलं आणि नुसतं ऐकायला लागली. एकदा तर तोंडावर रुमाल धरून वळली.

मी नेहमीसारखी मागं उभी होते, पूजेचं ताट धरून. साठी ओलांडली, पण मी बारला कधी तोंड उघडलेलं नाही. शिकलेली म्हणून मला कुणी पुढं ओढायचं नाही, आणि मलाही ते सोयीचं होतं. तेवढ्यात समोरून भाची दोन पावलं वाळूत पुढं आली. तिनं हात कमरेवर ठेवले आणि नेमकं माझ्याकडं बघून आवाज लावला:

जळगावनी बाई भू शिकेल शे,
बहीणना तोंडमा कागद कोंबेल शे!

जळगावची बाई फार शिकलीय, तिनं बहिणीच्या तोंडात कागद कोंबलाय. समोरचा काठ ओरडला. आमचा काठ चमकून माझ्याकडं वळला. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. दोन्ही गावांसमोर, पोलिसांसमोर, माझी पेढे वाटून साजरी केलेली अब्रू त्या पोरीनं वाळूत आपटली होती. आणि खरं सांगते, लाजेनं मी मेले होते, पण त्याच क्षणी मला वाटलं, बघा! ही ओळ कालपर्यंत जगात नव्हती. ही कुठल्या यादीत कोण लिहिणार होतं?

“बाई, हे कितव्या नंबरचं?” पोलीस बाईनं मला विचारलं.

“कुठल्याच नाही,” मी म्हटलं. “टिपून घ्या. ते माझ्याबद्दल आहे आणि ते खरं आहे.”

समोर हुर्यो सुरू व्हायच्या बेतात होती. उत्तर माझं होतं, ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मी ताट खाली ठेवलं, पुढं आले, अक्काच्या शेजारी उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि त्या दिवशी ओट्यावर जे म्हणायचं राहिलं होतं तेच तोंडात आलं. मी अक्काकडं वळून म्हटलं, “अक्का, माझं चुकलं गं...”

अक्कानं माझा दंड इतका जोरात दाबला की मी कळवळले. समोरच्या काठावरची नजर न हटवता ती दातांतल्या दातांत म्हणाली, “माफी नको मांगू, येडी! शिवी दे!”

आणि दोन्ही गावांच्या देखत, पेन उघडून उभ्या असलेल्या पोलिसांच्या देखत, मी दिली.